एकसष्ट रुपये चार आणे

तुळसा तोडणकर ओटीच्या पायरीवरच उभी राहिली. "वर या" म्हटलं तरी चढेना. तिच्या शेजारी सखाराम मास्तर उभे होते. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले मास्तर एरवी बोलायला लागले की थांबत नसत. आज त्यांना एक वाक्य पुरं करता येत नव्हतं.

"मयेकर, ही रघूची आई. माझा विद्यार्थी... परवा पिलणकरांच्या वखारीतल्या विहिरीत..."

"ऐकलं मी," हरिश्चंद्र मयेकर म्हणाले.

मुंबईच्या बंदरावर कस्टम खात्यात वीस वर्षं काढून दम्यामुळे ते रत्नागिरीला परतले होते. आता वकिलांसाठी आणि अडल्या माणसांसाठी खाजगी तपास करत. मास्तर त्यांचे शेजारी.

"चिठ्ठी सापडली म्हणे," मयेकर म्हणाले.

"मना वाचता येत नाय," तुळसा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "फौजदारानं वाचून दाखवल्यान. माज्या पोरानं पेढीतले पैसे घेतल्यान, नि लाजेनं जीव दिल्यान, असा त्यात हाय म्हणे. तुमी मना येवढाच सांगा, ता खरा काय खोटा."

१९३३ सालचा जानेवारी होता. गेल्या वैशाखात तुळसाचा नवरा भागोजी पिलणकरांचं 'गंगासागर' गलबत घेऊन मुंबईकडे निघाला आणि जयगडच्या पुढे चार खलाशांसकट बुडाला. त्यानंतर पंधरवड्यात रघूचा मॅट्रिकचा निकाल लागला. तो पास झाला होता. मास्तरांनीच त्याला हाताला धरून पिलणकरांच्या पेढीवर नेलं, आपल्या बाळपणच्या मित्राकडे, अंतोबा दिवाणजींकडे. तिथे तो बिनपगारी उमेदवार म्हणून हिशेब शिकू लागला. दोन वर्षांत पेढीचं काम हातात बसलं की मुंबईला जाऊन अकाउंटन्सीची सरकारी परीक्षा द्यायची, असं गुरुशिष्यांचं ठरलं होतं.

"रघूला पोहता यायचं?" मयेकरांनी विचारलं.

तुळसानं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "मांडवीचा पोर तो. तांडेलाचा. नांगरलेल्या मचव्याला वळसा घालून परत यायचा." मग ती म्हणाली, "बापाला दर्यानं नेल्यान, पोराला विहिरीनं. बाप शेवटपरेंत सांगत व्हता, बोट बुडाशी पानी घेता. पेढीवरनं निरोप यायचा, पुढल्या वर्साला बघू."

मयेकरांनी पायात वहाणा घातल्या.

---

फौजदारांनी कागद पुढे सरकवला. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण मिटलेलं होतं.

"पौष अमावास्येला पेढी बंद असते. शेठ चिपळूणला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींनी पेढी उघडली तेव्हा पोराच्या मेजावर ही चिठ्ठी होती, वर तिजोरीची किल्ली. मग विहिरीत पाहिलं."

मजकूर मोडीत होता. मास्तरांनी चष्मा लावून वाचला.

"'आपले पेढीचे रोकडीत रुपये एकसष्ट आणे चारची तूट आली ती माझे हातून जाहली. असा अपराध घडल्यावर आपणांस तोंड दाखविण्यास जागा उरली नाही. कृपा करून क्षमा असावी.'" त्यांनी कागद मेजावर ठेवला. "अक्षर रघूचंच आहे, मयेकर. मोडी असली तरी त्याचा हात मी ओळखतो."

"नीट काढलंय अक्षर," मयेकर म्हणाले. "पट्टीनं ओळी आखून, एकेक अक्षर त्यांना टांगून. आणि वर मायना नाही." त्यांनी कागदाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. बाकी तिन्ही कडा कारखान्यातल्या होत्या. वरची कात्रीनं कापलेली होती, किंचित तिरकी.

"तिजोरीत तूट किती निघाली?"

"बरोबर एकसष्ट रुपये चार आणे. दिवाणजींनी माझ्यासमोर मोजलं."

"पैसे मिळाले?"

"नाही. उडवले असतील."

"अंगावर जखम?"

"डोक्याला मागच्या बाजूला. उडी मारताना कठडा लागला असणार."

"मागच्या बाजूला," मयेकरांनी पुन्हा म्हटलं आणि कागद परत केला.

---

पिलणकरांची पेढी बंदराच्या वाटेवर होती. पुढे बैठक, मागे वखार, वखारीच्या अंगणात विहीर. नारळ, खोबरं, मंगलोरी कौलं यांचा व्यापार. 'गंगासागर' गेल्यावर दोन गलबतं उरली होती.

नारबाशेठ पिलणकर गादीवर बसले होते. मोठा देह, पण चेहरा उतरलेला.

"भागोजी माझा जुना माणूस. बोट गेली तिचा मला विमा मिळाला. त्याच्या घरच्यांना काय मिळालं? म्हणून पोराला ठेवून घेतलं. शिकेल, शहाणा होईल म्हटलं."

"बोट जुनी होती?"

"जुनी, पण डागडुजी केलेली. बुडण्याआधीच्या कार्तिकात चारशे दहा रुपये मंजूर केले होते मी. फळ्या बदलल्या, सांधे बुजवून कलफात केली. विमा कंपनीनंही हेच विचारलं होतं. त्यांची इंग्रजी पत्रं मी स्वतः वाचतो, स्वतः उत्तरं देतो, त्यामुळे लक्षात आहे."

"काम तुम्ही पाहिलंत?"

"त्या महिन्यात मी मुंबईला होतो. अशी कामं अंतोबाच बघतो. वीस वर्षं बघतोय."

"तिजोरीच्या किल्ल्या?"

"दोन. एक माझ्या करगोट्याला, चिपळूणलाही होती. दुसरी अंतोबाकडे."

केशव रहाटे हा कारकून तिशीचा होता. हडकुळा, सदऱ्याच्या बाहीला शाईचे डाग. बंदरावरच्या आगबोट कंपनीचे इंग्रजी कागद तोच लिहीत असे. मास्तरांना त्याचा चेहरा पहिल्या नजरेतच आवडला नाही.

"रघूशी तुमचं भांडण होतं?"

"होतं." केशवनं मान वर केली. "पाच वर्षं मी इथे घासतोय. आणि शेठ म्हणतात, पोरगा तयार झाला की खतावणी त्याच्याकडे. एकदा त्याच्या पानावर मी दौत उपडी केली. मुद्दामच केली. त्यानं पान पुसलं आणि नवीन घेतलं. एक शब्द बोलला नाही."

"अमावास्येला कुठे होतात?"

"लांज्याला. वसुलीला."

"लांज्याची मोटार त्या दिवशी पालीजवळ मोडून पडली होती. एकही उतारू लांज्याला पोचला नाही."

केशवचा चेहरा पांढरा पडला. तो बाहीवरचे डाग चोळू लागला. मग पुटपुटला, "पालीहून चालत परत आलो. तीनच्या खेळाला सिनेमाच्या तंबूत गेलो, सहापर्यंत तिथेच होतो. दारावरच्या माणसाशेजारी बसलो होतो, विचारा त्याला. शेठना सांगू नका."

मास्तरांनी मयेकरांकडे अर्थपूर्ण पाहिलं. मयेकरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"रघू शिकायचा कसा?"

"दिवाणजी रोज एक पत्र घालून देत. वर मायन्याची ओळ त्यांच्या हातची, खाली पोरानं ते सांगतील तो मजकूर मोडीत उतरायचा. तगाद्याचं पत्र, पोचेचं, सांत्वनाचं. शंभरावर झाली असतील. धाग्यात ओवून मेजात ठेवायचा. बाकी वेळ जुन्या रोजकीर्दीवरून खतावणी मांडायचा सराव. रोजकीर्दीतला दिवसवार व्यवहार खातेवार लावायचा. सालं उलटून गेलेल्या वह्या, कुणी उघडत नाही अशा." केशव जायला उठला, मग दारात थबकला. "आणि एक. वखारीतलं पाचशेरी वजन अमावास्येपासून सापडत नाही. तेही माझ्याच माथी मारलंय. मी नाही घेतलं."

शेवटी अंतोबा दिवाणजी आले. साठीचे, किडकिडीत, खांद्यावर उपरणं. त्यांनी मास्तरांना पाहिलं आणि दोन्ही हातांनी कवटाळलं.

"सखाराम, तू सोपवलेला पोर मला सांभाळता आला नाही रे."

मास्तरांचे डोळे भरले. सरणाची लाकडं दिवाणजींनीच पदरच्या पैशानं आणली होती, हे सगळ्या मांडवीला ठाऊक होतं.

"त्या दिवशी तुम्ही इथे आला होतात?" मयेकरांनी विचारलं.

"नाही हो. अमावास्येला मी घराबाहेर पडत नाही. आदल्या संध्याकाळी तिजोरीची किल्ली रघूच्या हातात दिली. म्हटलं, उद्या निवांत रोकड मोजून बघ, मोजताना हात बसतो. माझाच मूर्खपणा."

पोस्टाचा शिपाई तार घेऊन आला. दिवाणजींनी सही केली, लिफाफा फोडला आणि हाक मारली, "केशव, मुंबईची तार आली. काय म्हणतात बघ रे."

केशवनं वाचून सांगितलं, कौलांचा भाव दोन आण्यांनी उतरला होता.

"रघूचं मेज बघू का?" मयेकर म्हणाले.

"बघा की. काही उरलं नाही त्यात. एक त्याची शाळेची वही तेवढी आहे. ती आईला नेऊन द्या, म्हातारीला आठवण राहील."

बैठकीच्या कोपऱ्यात उतरतं मेज होतं. फळी उचलली. आत एक पट्टी, दोन बोरू, वाळूची डबी आणि निळ्या पुठ्ठ्याची इंग्रजी वही होती. दुसरं काही नाही.

मास्तर वही घेऊन उजेडाला गेले. "इथेही इंग्रजी चालूच ठेवलं होतं त्यानं. व्यापारी शब्द, व्याजाची उदाहरणं... आणि या सरावाच्या नोंदी. 'गंगासागर. कार्तिक शुद्ध तीज ते द्वादशी, मांडवीला किनाऱ्यावर ओढून दुरुस्ती, चारशे दहा. कार्तिक शुद्ध षष्ठी, मंगलोर, कौलं भरली, हमाली दिली.' खाली लिहिलंय, 'विचारणे'." त्यांनी वही मिटली. "बापाच्या बोटीचं नाव लिहिताना पोराला काय वाटलं असेल."

मयेकरांनी वही त्यांच्या हातून घेतली. त्यांनी शेठकडून त्या सालची रोजकीर्द मागून घेतली, दोन पानं पाहिली आणि परत केली.

परतताना मास्तर म्हणाले, "केशवच. खोटं बोलला, द्वेष करत होता."

"मास्तर, उद्या सकाळी मांडवीचे दोन पाणबुडे मला मिळवून द्याल का?"

---

दुसऱ्या दिवशी दुपारी पेढीच्या बैठकीत सगळे जमले. फौजदार खुर्चीवर, शेठ गादीवर, केशव आणि दिवाणजी सतरंजीवर. तुळसा दाराशी उभी होती. मयेकर मध्ये उभे राहिले. त्यांच्या पायाशी ओल्या पोत्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"तांडेलाचा मुलगा," त्यांनी सुरुवात केली, "दर्यात पोहणारा, जीव द्यायला वखारीतली विहीर निवडणार नाही. समोरून उडी मारणाऱ्याला मागून जखम होणार नाही. तेव्हा आत्महत्या बाजूला ठेवू. राहिली चिठ्ठी."

"ती तर त्याच्याच अक्षरातली," फौजदार म्हणाले.

"त्याच्याच. पण मरायला निघालेला मुलगा पट्टीनं ओळी आखत बसतो का? 'माझे हातून जाहली', ही मॅट्रिक झालेल्या पोराची भाषा आहे का? आणि वरची ओळ का कापली? केशवराव, दिवाणजी पत्र घालून देत तेव्हा वरची ओळ कुणाच्या हातची असायची?"

"दिवाणजींच्या," केशव म्हणाला, आणि त्याचे डोळे विस्फारले.

"हा सरावाचा कागद आहे. गुमास्त्यानं धन्याची माफी कशी मागावी, याचा कित्ता. शिकवणाऱ्यानं कधीतरी सांगितला आणि पोरानं इमानानं उतरला. मायन्याची ओळ काढून टाकली की झाली मरणाची चिठ्ठी."

"आता रक्कम. एकसष्ट रुपये चार आणे. चोर हाताला येतील त्या नोटा उचलतो, आणे मोजून नेत नाही. चोरी आधी झाली असती तर चिठ्ठीत रक्कम तिच्याप्रमाणे लिहिली गेली असती. पण पत्र तर जुनं, सरावाचं. म्हणजे पत्रातल्या आकड्याप्रमाणे चोरी केली गेली. तिजोरी उघडून कुणीतरी शांतपणे एकसष्ट रुपये आणि वर एक पावली मोजून घेतली. एक किल्ली शेठबरोबर चिपळूणला होती. केशवरावांकडे किल्ली कधीच नव्हती. रघूकडे ती होती असं एकच माणूस सांगतो."

"मयेकर," मास्तर म्हणाले, "नीट विचार करून बोला."

"रात्रभर केला, मास्तर. मला ते मेज छळत होतं. सात महिन्यांचे शंभर कित्ते, धाग्यात ओवलेले, नाहीसे. कारण ते शेजारी ठेवले असते तर चिठ्ठी त्यातलीच आहे हे कुणालाही कळलं असतं. ज्यानं मेज साफ केलं त्यानं मराठीचा एक चिटोरा ठेवला नाही. आणि जी वही सगळ्यात आधी जाळायला हवी होती, ती जागच्या जागी ठेवली. वर आम्हाला म्हणाला, आईला नेऊन द्या."

"इंग्रजी वही?" शेठ म्हणाले.

"तुम्ही इंग्रजी वाचता. केशवराव लिहितात. तुमच्यापैकी कुणी असता तर 'गंगासागर' हा शब्द दिसताच वही चुलीत गेली असती. इंग्रजी न येणारा या पेढीत एकच आहे. साधी भावाची तार त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली."

अंतोबा दिवाणजी सतरंजीची दशी बोटाभोवती गुंडाळत होते.

"वहीत काय आहे ते मास्तरांनी काल वाचलं. कार्तिक शुद्ध तीज ते द्वादशी 'गंगासागर' मांडवीला किनाऱ्यावर ओढून दुरुस्त होत होती. आणि षष्ठीला मंगलोरला कौलं भरत होती. रोजकीर्दीत दोन्ही नोंदी आहेत, दोन पानांच्या अंतरानं. एक बोट एकाच वेळी दोन बंदरांत नसते. मंगलोरची पावती खरी, माल रत्नागिरीला उतरलेला आहे. म्हणजे दुरुस्ती खोटी."

दाराशी तुळसानं चौकट धरली.

"भागोजी शेवटपर्यंत सांगत होता, बोट पाणी घेते. शेठना वाटत होतं दुरुस्ती झाली. भागोजीला निरोप मिळत होता, पुढल्या वर्षी बघू. मधे एकच माणूस होता." मयेकरांनी पोतं उलगडलं. लोखंडी पाचशेरी वजन फरशीवर टेकलं. "हे सकाळी विहिरीच्या तळातून निघालं. पाठीमागून मारायला साठीच्या माणसाला एवढं पुरतं."

फौजदार उठले. दिवाणजींनी त्यांना हातानं थांबवलं, जसे ते उमेदवाराला थांबवत असतील.

"मुलानं मुंबईत नोकरीच्या जागी अफरातफर केली होती," ते शांतपणे म्हणाले. "चारशे भरले नसते तर तुरुंगात गेला असता. म्हटलं, एक मोसम बोट काढील. पुढच्या वर्षी भरून टाकू." ते मास्तरांकडे पाहत होते. "सखाराम, त्याला संशयसुद्धा आला नव्हता रे. जुनी रोजकीर्द घेऊन माझ्याकडेच आला. म्हणाला, 'दिवाणजी, हे जुळत नाही. माझं काही चुकतंय का?' मी म्हटलं, अमावास्येला ये, निवांत बघू. आला. मी म्हटलं, तहान लागली, जरा पाणी काढ. तो वाकला."

मास्तर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

---

शिपायांनी दिवाणजींना नेलं. नारबाशेठ तुळसासमोर येऊन उभे राहिले, हात जोडले. त्यांनी न पाहताच खोट्या नोंदीखाली सही केली होती. ती सही रोजकीर्दीत होतीच.

तुळसा त्यांच्याकडे पाहतही नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "दुरुस्ती झाली असती तर बोट बुडली नसती?"

मयेकर म्हणाले, "वैशाखात त्या दिवशी वादळ नव्हतं. बंदरातल्या नोंदवहीत मी बघून आलो. वारा बेताचा होता."

तिनं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. रडली नाही.

"बोटीवर चार खलाशी व्हते. आमच्याच वाडीतले. भागोजीनं बोट खडकावर घातल्यान, दारू पिऊन घातल्यान, असा त्यांच्या बायका बोलतत. आठ महिने झाले, एकीनं माज्या दारात पाय ठेवला नाय. पान्यावर गेले तर कळशी उचलून बाजूला होतत. रघूला उचलला तेव्हासुद्धा आल्या नायत." तिनं पदर खोचला. "ता कागदात हाय ना सगळा? तारीख नि सगळा?"

"आहे," मयेकर म्हणाले.

"मास्तर, माज्याबरोबर चला. चार घरा हायत. मी सांगितला तर इस्वास ठेवणार नायत. तुमी वाचून दाखवा."

मास्तरांनी फौजदारांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, वही संध्याकाळपर्यंत परत हवी एवढंच म्हणाले.

मांडवीच्या वाटेवर ऊन उतरायला लागलं होतं. तुळसा पुढे, मास्तर मागे. पहिल्या घराच्या अंगणात एक तरुण बाई जाळं उलगडत बसली होती. तुळसाला पाहताच ती उठली आणि पाठ फिरवून आत जायला निघाली.

"गोदा," तुळसानं हाक मारली, "थांब. तुज्या घोवाची बातमी आणलीय."

गोदा उंबऱ्यावर थांबली. वळली मात्र नाही.

मास्तरांनी वही उघडली आणि रघूनं इंग्रजीत लिहिलेलं एकेक वाक्य तिला कळेल अशा मराठीत सांगायला सुरुवात केली.